वय वाढतं तसं मेंदूतल्या व्हाइट मॅटरचं काय होतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात एमआरआय टेक्निशियन आहे, नौपाड्यातल्या एका सेंटरला. आई-बाबांना घेऊन आलेली मंडळी रिपोर्ट हातात पडला की तिथेच बाकावर बसून मोबाइलवर शोधायला लागतात, आणि त्यात "व्हाइट मॅटर" हे शब्द दिसले की चेहरे उतरतात. रिपोर्टचा अर्थ सांगणं हे रेडिओलॉजिस्ट आणि न्यूरोलॉजिस्टचं काम, माझं नाही, आणि ते मी इथेही करणार नाहीये. पण ज्यांना काहीही आजार नाही अशा माणसांच्या मेंदूतली कनेक्शन्स वयाबरोबर कशी बदलतात हे आधी कळलं तर निम्मी भीती तिथेच कमी होते असं मला मनापासून वाटतं. म्हणून लोक जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र लिहिलेत.

व्हाइट मॅटर म्हणजे नक्की काय?

मेंदूच्या बाहेरच्या थरात आणि आत खोलवर काही ठिकाणी चेतापेशींचा मुख्य भाग असतो, ते ग्रे मॅटर. या पेशींमधून लांब लांब तंतू निघतात आणि दुसऱ्या भागातल्या पेशींपर्यंत जातात, त्यांना ॲक्सॉन म्हणतात. त्यातल्या बऱ्याच तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण गुंडाळलेलं असतं, चरबीमुळे तो भाग पांढरट दिसतो, म्हणून व्हाइट मॅटर. मेंदूचा जवळजवळ अर्धा भाग हाच आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डावा आणि उजवा मेंदू जोडणारा जो मोठा पट्टा असतो, कॉर्पस कॅलोसम, त्यात एकट्यात साधारण २० कोटी तंतू असतात.

हे आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी तयार करतात, आणि अशी एक पेशी वेगवेगळ्या तंतूंचे डझनावारी तुकडे गुंडाळते. एक पेशी गेली तर एका तंतूचं नाही, बऱ्याच तंतूंचं थोडं थोडं नुकसान होतं. पुढे याचा संबंध येतो.

मायलिन असलं तर वेग का वाढतो?

आवरण सलग नसतं, मध्ये मध्ये अगदी छोट्या मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. विजेचा सिग्नल प्रत्येक इंच रेंगाळत जात नाही, एका मोकळ्या जागेवरून थेट पुढच्या मोकळ्या जागेवर पोचतो. ठाण्याहून सुटलेली फास्ट लोकल नाहूर, कांजूरमार्ग, विक्रोळी सोडत दादरला जाते आणि स्लो लोकल प्रत्येक ठिकाणी थांबते, रूळ तेवढेच लांब असतात, फरक थांब्यांचा असतो, तसंच हे. आवरण नसलेल्या तंतूत सिग्नल सेकंदाला साधारण एखाद मीटर जातो, आणि शरीरातल्या सगळ्यात जाड मायलिनवाल्या तंतूंमध्ये हाच वेग १०० मीटरच्या आसपास असतो. मेंदूच्या आतले तंतू बारीक असतात त्यामुळे तिथे एवढा नसतो, पण फरक मोठाच.

उतार कितव्या वर्षी सुरू होतो?

तुम्हाला वाटतं त्याच्या आधी. २०२२ साली नेचरमध्ये एक मोठं काम छापून आलं, जगभरातले १ लाख २० हजारांहून जास्त ब्रेन स्कॅन एकत्र करून गर्भापासून ते शंभरीपर्यंतचे तक्ते बनवले होते. त्यात ग्रे मॅटरचं आकारमान साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात जास्त असतं असं दिसलं, आणि व्हाइट मॅटरचं २९ च्या जरा आधी. म्हणजे शाळा, कॉलेज, पहिली नोकरी या सगळ्या काळात तुमची कनेक्शन्स अजून पक्की होत असतात. तिशीनंतर बरीच वर्षं घट अगदी हळू असते, आणि पन्नाशीनंतर ती जास्त वेग घेते.

म्हणजे किती कमी होतं?

हा आकडा ऐकून लोक हादरतात, म्हणून तो सांगून मी लगेच पुढचं वाक्य सांगते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमधल्या मायलिनवाल्या तंतूंची एकूण लांबी मोजली, २००३ मध्ये ते छापलं. २० वर्षांच्या पुरुषात ती साधारण १,७६,००० किलोमीटर, बाईत १,४९,०००. दर दहा वर्षांनी साधारण १० टक्के कमी, आणि विसाव्या वर्षापासून ऐंशीपर्यंत धरलं तर एकूण ४५ टक्के घट.

आता पुढचं वाक्य. ८० वर्षांच्या ज्या आजी स्वतःचा स्वयंपाक करतात, भिशीचा हिशोब ठेवतात, नातवाची परीक्षा कधी आहे ते लक्षात ठेवतात, त्यांच्या मेंदूतही साधारण हीच घट झालेली असते. जे तंतू जातात ते प्रामुख्याने बारीक असतात, जाड मार्ग बऱ्यापैकी टिकतात. आणि याच डेन्मार्कच्या संशोधकांनी आधी चेतापेशी मोजल्या होत्या तेव्हा २० ते ९० या वयात फक्त दहाएक टक्क्यांचा फरक निघाला होता. "म्हातारपणी मेंदूच्या पेशी मरतात" असं आपण सहज बोलून जातो, पण निरोगी माणसात जास्त मोठा बदल पेशींच्या संख्येत नसतो, त्यांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये असतो.

मेंदूच्या सगळ्या भागांत सारखंच होतं का?

नाही. साधारणपणे पुढच्या भागात, म्हणजे कपाळामागे, जास्त आणि लवकर होतं, मागच्या भागात कमी. कॉर्पस कॅलोसमचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा जास्त बदलतं. हातापायांच्या हालचालीचे मार्ग त्यामानाने चांगले टिकतात. आठवणींशी संबंधित फॉर्निक्स नावाची एक छोटी कमान आहे, तिच्यातही वयाबरोबर बऱ्यापैकी घट दिसते.

यामागे एक कल्पना अशी मांडली जाते की जे मार्ग लहानपणी सगळ्यात शेवटी मायलिन घेतात ते म्हातारपणी सगळ्यात आधी कमजोर होतात. कुठला भाग कधी मायलिन घेतो याचा क्रम जर्मनीत पॉल फ्लेक्सिग यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच लावला होता. कल्पना बरीचशी जुळते पण सगळ्या मार्गांना तंतोतंत लागू पडत नाही, त्यामुळे तिला नियम समजू नका.

हे होतं कशामुळे?

एक कारण नाहीये. काही तंतू पूर्ण जातात. काहींच्या आवरणाचे थर सुटतात, मध्ये पाण्याचे फुगे तयार होतात, हे बोस्टन युनिव्हर्सिटीच्या ॲलन पीटर्स यांनी म्हाताऱ्या माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की मेंदू गप्प बसत नाही, तो आवरण परत घालायचा प्रयत्न करतो, माकडांमध्ये ते स्पष्ट दिसलं. फक्त नवीन आवरणाचे तुकडे आधीपेक्षा आखूड असतात, म्हणजे मधल्या मोकळ्या जागा वाढतात, म्हणजे त्या फास्ट लोकलला जास्तीचे थांबे मिळतात. गाडी पोचते, पण उशिरा.

दुसरं म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी माणसात फार हळू बदलतात. हे कसं कळलं तर १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर जे अणुस्फोट झाले त्यामुळे हवेतलं कार्बन-१४ वाढलं होतं, ते माणसांच्या पेशींच्या डीएनएत गेलं आणि त्यावरून पेशी कधी जन्मली ते काढता येतं. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या गटाने असं काढलं की कॉर्पस कॅलोसममधल्या या पेशी जवळपास सगळ्या लहानपणीच तयार होतात आणि नंतर वर्षाला ३०० पैकी साधारण एकच बदलते. मायलिन स्वतः मात्र त्याच पेशींकडून बरंच नव्याने घातलं जातं.

तिसरं, साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी. तुटलेलं मायलिन खाऊन टाकायचं त्यांचं काम, वयाबरोबर तो कचरा त्यांच्यातच साठत जातो आणि त्यांचं काम मंदावतं. आणि चौथं, बारीक रक्तवाहिन्या, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण तिथे आपल्या हातात खरंच काही आहे.

रोजच्या जगण्यात हे कसं जाणवतं?

वेग कमी होतो. बुद्धी, शहाणपण, शब्दसंपत्ती यांचं असं होत नाही, शब्दसंपत्ती तर साठी-सत्तरीपर्यंत छान टिकते. पण एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणं, पटकन एका विषयावरून दुसऱ्यावर जाणं, गोंगाटात समोरच्याचं बोलणं पकडणं, काउंटरवर मागे रांग असताना पिन टाकणं, हे जड जातं. एखाद्याचं नाव आठवत नाही आणि दहा मिनिटांनी आपोआप तोंडात येतं. मार्ग शाबूत आहे, वेळ जास्त लागला.

इथे मला घरच्यांशी थोडं स्पष्ट बोलायचंय. आम्ही स्कॅनच्या आधी एक यादी विचारतो, पेसमेकर आहे का, स्टेंट बसवलाय का, कानात मशीन, कवळी, मंगळसूत्र, जोडवी, खिशात काही, हे भराभर विचारलं की आजी गोंधळतात आणि सोबत आलेला मुलगा मध्येच म्हणतो "तिला नाही समजत, मला विचारा". समजतं. एक प्रश्न विचारून थांबलं, त्यांच्याकडे बघत चार सेकंद जाऊ दिले, की उत्तर येतं आणि बरोबर येतं, कधीकधी मुलाला माहीत नसलेलं जुनं ऑपरेशन सुद्धा त्याच सांगतात. आवाज चढवून तोच प्रश्न परत विचारला तर उत्तर तयार होत असतानाच आपण ते मोडतो. घरीही असंच होतं, जेवताना तिघं एकदम बोलतात, बाबा वाक्य सुरू करतात आणि कोणीतरी ते पूर्ण करून टाकतं, मग हळूहळू बाबा बोलायचंच बंद करतात आणि आपण म्हणतो हल्ली शांत झालेत. चार सेकंद थांबा. याला औषध लागत नाही, खर्च नाही, आणि वयाबरोबर येणाऱ्या या संथपणात सगळ्यात जास्त फरक मी यानेच पडताना बघितलाय.

रिपोर्टमध्ये "पांढरे डाग" लिहिलेत, स्ट्रोक येऊन गेला का?

बहुतेक वेळा लोक ज्याबद्दल विचारतात ते असतं "व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज" किंवा "स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस", म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचल्यामुळे झालेले बदल. फ्लेअर नावाच्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांत, मेंदूतलं पाणी काळं दिसतं आणि हे भाग पांढरे चमकतात, म्हणून नजरेत लगेच भरतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात ६० ते ९० वयाच्या सर्वसामान्य लोकांचे स्कॅन केले होते, २००१ मध्ये निकाल आला, त्यात असे डाग अजिबात नाहीत असे लोक फक्त ५ टक्के निघाले. म्हणजे साठीनंतर थोडेफार असणं हे केस पांढरे होण्याइतकं सर्रास आहे.

पण "सर्रास आहे" याचा अर्थ "दुर्लक्ष करा" असा घेऊ नका. प्रमाण महत्त्वाचं. रिपोर्टवर फझेकास ग्रेड लिहिलेली असते, ही पद्धत १९८७ पासून वापरात आहे, ० ते ३. ग्रेड १ म्हणजे तुरळक ठिपके. ग्रेड ३ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झालेत, तेव्हा न्यूरोलॉजिस्टकडे जायलाच हवं, कारण तिथे चालण्याचा तोल, लघवीवरचा ताबा, विचारांचा वेग यांवर परिणाम व्हायला लागतो आणि स्ट्रोकचा धोकाही वाढतो.

आणि तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं असं अचानक झालं तर हे वाचत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या.

साध्या एमआरआयमध्ये कनेक्शन्स दिसतात का? ते रंगीत फोटो कुठले?

ते डीटीआयचे. डिफ्युजन टेन्सर इमेजिंग, पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलं. तंतूंच्या जुडग्यात पाणी आडवं कमी आणि लांबीच्या दिशेने जास्त सरकतं, मशीन तेच मोजतं आणि कॉम्प्युटर त्यावरून मार्ग काढतो. लाल म्हणजे डावी-उजवी दिशा, हिरवा म्हणजे पुढे-मागे, निळा म्हणजे वर-खाली. पाणी किती एकाच दिशेने सरकतंय याच्या आकड्याला एफए म्हणतात, तो लहानपणी वाढतो, वेगवेगळ्या मार्गांत साधारण २० ते ४२ या वयात सगळ्यात वर असतो आणि मग उतरतो. २०१२ च्या एका अभ्यासातली ही वयं आहेत.

मग बाबांचं डीटीआय करून घेऊ का?

नको. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. मेंदूतली गाठ काढायच्या आधी सर्जनला मार्ग बघायचे असतात तिथे ते फार उपयोगी पडतं. पण निरोगी माणसाच्या एफए आकड्यावरून "तुमचा मेंदू ६२ वर्षांचा आहे" असं त्या एका माणसाबद्दल खात्रीने सांगता येत नाही. हे सगळे आलेख शेकडो-हजारो लोकांच्या सरासरीचे आहेत. मशीन बदललं की आकडा बदलतो, पेशंट जरा हलला की आकडा बदलतो, आणि जिथे दोन मार्ग एकमेकांना ओलांडतात तिथे पूर्ण निरोगी माणसातही एफए कमीच येतो.

हा डिमेन्शिया तर नाही ना?

संथपणा आणि डिमेन्शिया वेगळे. चावी कुठे ठेवली ते विसरणं, नाव उशिरा आठवणं, यात आठवण करून दिली की आठवतं. रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर, म्हणजे तलावपाळीहून राम मारुती रोडला येताना वाट चुकणं, तोच प्रश्न पाच मिनिटांत परत परत विचारणं, नेहमीचे पैशाचे व्यवहार जमेनासे होणं, स्वभाव एकदम बदलणं, हे दिसलं तर डॉक्टरांना दाखवा आणि उशीर करू नका. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण साधारण ७.४ टक्के आहे असं देशभरच्या लासी-डॅड सर्व्हेतून २०२३ मध्ये आलं. आकडा लहान नाही, घराघरात त्रास आहे. पण दहातल्या नऊ जणांहून जास्त लोकांना तो नाहीये हेही त्याच आकड्यात आहे.

बीपीचा यात एवढा काय संबंध?

मोठा संबंध आहे, आणि आपल्या हातातलं सगळ्यात ठोस काही असेल तर हेच. मेंदूच्या आत खोल व्हाइट मॅटरला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या लांब आणि अतिशय बारीक असतात, त्यांना मदतीला दुसरी वाट जवळजवळ नसते. वर्षानुवर्षं प्रेशर जास्त राहिलं की त्यांच्या भिंती जाड होतात आणि पुढचा भाग उपाशी राहतो. अमेरिकेत स्प्रिंट माइंड नावाची ट्रायल झाली, बीपी असलेले पण डायबिटीस नसलेले पन्नाशीपुढचे लोक, एका गटाचं वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं ठरवलं, दुसऱ्याचं १४० च्या खाली. २०१९ मध्ये आलेल्या स्कॅनच्या निकालात साधारण चार वर्षांत पांढऱ्या डागांचं आकारमान पहिल्या गटात ०.९२ घन सेंटीमीटर वाढलं आणि दुसऱ्यात १.४५. वाढ दोन्हीकडे झाली, पण कमी-जास्त झाली.

हे वाचून स्वतःच गोळी वाढवू नका प्लीज, वयस्कर माणसाचं प्रेशर जास्त उतरलं तर उठताना चक्कर येऊन पडायची भीती असते, किती खाली आणायचं ते डॉक्टर ठरवतील. पण "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करणारे काका मला सतत भेटतात, ते करू नका. शुगर आणि तंबाखूलाही हेच लागू, त्यात मिश्रीसुद्धा आली, ती मोजली जात नाही घरात.

बी१२ चं काय?

मायलिन नीट राहायला बी१२ लागतं, आणि ते शाकाहारात दूध-दही सोडलं तर जवळपास मिळतच नाही. वय वाढलं की पोटातून शोषणही कमी होतं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी घेणाऱ्यांमध्येही ते उतरतं. कमतरतेमुळे पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरणं असं होऊ शकतं आणि घरचे म्हणतात वय झालं. वय नाही, कमतरता आहे, आणि वेळेत कळली तर इंजेक्शन-गोळ्यांनी बरंच भरून निघतं. साधी रक्ताची तपासणी आहे, फॅमिली डॉक्टरांना विचारा.

व्यायामाने किंवा नवीन काही शिकून कनेक्शन्स सुधारतात का?

थोडी, आणि "थोडी" हा शब्द मी जाणूनबुजून वापरतेय. ऑक्सफर्डमध्ये २००९ साली तरुण लोकांना सहा आठवडे तीन चेंडू हवेत उडवून झेलायला शिकवलं आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या व्हाइट मॅटरमध्ये बदल दिसला. उंदरांवरच्या २०१४ च्या प्रयोगात नवीन मायलिन तयार होणंच थांबवलं तेव्हा त्यांना विचित्र आऱ्यांच्या चाकावर धावायला नीट शिकताच आलं नाही. म्हणजे शिकणं आणि मायलिन यांचं नातं आहे. साठीपुढच्या निरोगी लोकांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला, निकाल २०१७ चा, सहा महिने एक गट चालायचा, एक गट नाच शिकायचा. नाचणाऱ्यांच्या फॉर्निक्समध्ये सुधारणा दिसली. पण त्याच सहा महिन्यांत मेंदूच्या इतर बऱ्याच भागांत सगळ्याच गटांमध्ये घट झाली, हेही त्याच पेपरात आहे आणि व्हॉट्सॲपवर फक्त पहिला अर्धा फिरतो.

नाचात पावलं लक्षात ठेवायची, ताल पकडायचा, सोबतच्या माणसाकडे बघायचं हे सगळं एकदम असतं. आपल्याकडे मंगळागौरीचे खेळ, लेझीम, भजनी मंडळात नवीन चाल बसवणं, यात तेच आहे. उपवनला किंवा वाशीच्या सागर विहारला रोज चालायला जात असाल तर ते सोडू नकाच, त्याने बीपी-शुगर ताब्यात राहते आणि बारीक रक्तवाहिन्यांना तेच हवंय. रोजचं तेच सुडोकू मात्र आवडतं म्हणून सोडवा.

बदाम, अक्रोड, तूप, ब्रेन टॉनिक?

खा, पोटाला मानवेल तेवढं. पण निरोगी माणसाचं मायलिन परत आणणारं टॉनिक बाजारात नाही, कितीही महाग असलं तरी.

दोन माणसांचा स्कॅन सारखा असून एक ठणठणीत आणि दुसरा गोंधळलेला, असं कसं?

असं होतं. शिक्षण, कामातलं वैविध्य, माणसांत मिसळणं, दोन-तीन भाषा बोलणं या सगळ्यातून मेंदूकडे काही राखीव ताकद साठते असं मानलं जातं. वयस्कर लोक जे काम मेंदूच्या एका बाजूने करता येईल त्यासाठी दोन्ही बाजू वापरताना स्कॅनमध्ये दिसतात, तोही एक मार्ग असावा. आणि ऐकू कमी येणं, झोप न होणं, डिप्रेशन, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या यांमुळेही माणूस गोंधळलेला दिसतो, व्हाइट मॅटर तेवढंच असून. कान तपासा, खरंच, सगळ्यात आधी कान तपासा.

हे सगळे अभ्यास परदेशातलेच का? आपल्या लोकांवर काही?

आहे. बंगळूरच्या आयआयएससीमधल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा भागात, खेड्यातल्या ४५ वर्षांवरच्या लोकांना घेऊन अभ्यास सुरू केलाय, १० हजार लोकांचं लक्ष्य आहे, वर्षानुवर्षं त्याच लोकांना परत तपासतात, एमआरआयसुद्धा करतात. शहरातल्या लोकांसाठी बंगळूरातच टाटा लाँजिट्युडिनल स्टडी ऑफ एजिंग आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपलं जेवण वेगळं, डायबिटीस आपल्याकडे लवकर येतो, शिकायला न मिळालेल्या आज्या आपल्याकडे खूप, त्यांना युरोपच्या सरासरीने किती दिवस मोजायचं.

आई-बाबांना एमआरआयला आणताना काय लक्षात ठेवू?

जुने स्कॅन असतील तर आणा, नुसता कागदी रिपोर्ट नाही, सीडी किंवा फिल्मसकट. एका स्कॅनवरून ठिपके किती ते कळतं, दोन-चार वर्षांच्या फरकाने केलेल्या दोन स्कॅनवरून ते वाढतायत की नाही ते कळतं, आणि डॉक्टरांना दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची असते. पेसमेकर, स्टेंट, मेंदूत क्लिप, कानातलं इम्प्लांट काहीही असेल तर त्याचं कार्ड आणा आणि अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा. कानातलं मशीन मात्र स्कॅनच्या खोलीच्या दाराशी आम्ही काढायला सांगेपर्यंत काढू नका, आम्ही सांगतो ते ऐकू यायला हवं. मशीनचा आवाज मोठा असतो, बंद जागा असते, हे घरीच एकदा शांतपणे सांगून ठेवा. हातात एक रबरी बल्ब देतो, तो दाबला की आम्ही लगेच थांबतो, हेही सांगा. आणि निघायच्या आधी बाथरूमला जाऊन यायला सांगा, वीस-पंचवीस मिनिटं न हलता पडून राहायचं असतं.